आबा, कशावर दळलं?

…न्हाय वो, सकाळची आंघोळ झालीया माझी. ही दुसरी. तिसरी अजून व्हायचीय, गिरणी बंद केल्यावर. हसा, हसा. सांगवीतली लोकं बी हसत्यात. पासष्ट वर्षांचा माणूस, मानसिंग गिरणीवाला, पारावर गेलो तर दोघं सरकून जागा देत्यात, आन् सोताच्या घरात पुढच्या दारानं आत यायची मुभा न्हाय मला. मागनं यायचं. न्हाणीत शिरायचं. गिरणीतली कापडं तितंच बादलीत टाकायची, डोक्यावरनं पाणी घ्यायचं, नखं घासायची, धुतलेला लेंगा घालायचा, मंग आत. थंडीत बी. नाक गळत आसलं तरी बी. ह्यो नियम कुणी केला म्हणता? बायकोनं? प्रयागबाईचा नियम मी चाळीस वर्षांत एक बी पाळला न्हाय. नियम केलाय सुनेनं, राजेश्वरीनं. आन् त्यो बी तोंडानं न्हाय केला. तोंडानं ती कवा बोलतच न्हाय, तितंच तर आमी सगळी फसलो… मिशी? मिशीचं काय विचारताय? मिशीचं मागनं सांगतो. आधी मुद्द्याचं ऐका.

मुद्दा म्हणजे आमची छकुली. इंद्रजितची लेक, माझी नात. आता आठवं चालू हाय, पण गोष्ट हाय ती चार वर्षांची होती तवापासनंची. पोट पुढं आलेलं, हातपाय काडीसारखं, तोंड पांढरं पडलेलं. जेवली की घटकाभरानं पोट धरून कोपऱ्यात बसायची. दिवसातनं चार-चार वेळा परसाकडं. शाळेत बाई सांगायच्या, बाकावर डोकं ठेवून झोपती म्हणून. आता आमच्याकडं काय रीत हाय, दिवाळीच्या पाडव्याला घरातल्या पोरांना चौकटीला उभं करायचं आन् डोक्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची. इंद्रजितच्या रेघा अजून हायत त्या चौकटीवर, रंग दिला तरी मी त्येवढी फळी रंगवून दिली न्हाय. तर छकुलीची एका पाडव्याला रेघ मारली. पुढच्या पाडव्याला पोरगी उभी केली, पेन्सिल टेकवली, आन् तुमाला सांगतो, नवी रेघ जुन्या रेघेवरच बसली. एक वरीस गेलं होतं मधी. मला वाटलं टाचा टेकल्या नसतील नीट, म्हणलं परत उभी ऱ्हा. परत तितंच. पाडव्याचं ताट तसंच ठेवून मी गिरणीत जाऊन बसलो.

मंग काय, सल्ले सुरू झालं. आपल्याकडं दुखणं एकाचं आसतं पण औषध सगळ्या गावाकडं आसतं. प्रयागबाई म्हणली, "अवं, पोरीत ताकद न्हाय. खपली गव्हाची लापशी घाला, तूप-गूळ घालून." मी म्हणलं, आपली गिरणी हाय, कशाला कमी करायचं? खपली आणली, निवडली, सोताच्या हातानं भरडली. पोरगी खायची, गोड आसायचं ना. आन् खाल्ली की पोट धरायची. आमचा जुना दोस्त फकीरभाई, बेकरीवाला, त्यो म्हणला, "मानसिंगराव, लेकराचं पोट नाजूक है, जड कायबी देऊ नका. टोस्ट द्या दुधात बुडवून." दिला. सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट. शेजारची साखरबाई म्हणली, "नजर लागलीया, दिवा ओवाळून टाका." ओवाळला. आन् दिवा तरी कशाचा? कणकेचा! कुणी म्हणलं रव्याची पेज द्या, पचाया हलकी. कुणी म्हणलं शेवयाची खीर. मारीची बिस्किटं तर डॉक्टरांनी बी सांगितली होती, म्हणजे आमच्या जवळच्याच एका डॉक्टरांनी, त्येंचं नाव घेत न्हाय, जंताचं औषध आन् लाल टॉनिक देऊन दमलं बिचारं. आता तुमी ध्यानात घ्या. लापशी, टोस्ट, रवा, शेवया, मारी. पोरगी आजारी पडली की गहू, बरी वाटली की गहू, ताकदीला गहू, पथ्याला गहू. आमी सगळी जीव लावून, तूप सोडून, त्या लेकराला नेमकं तेच चारत होतो.

आन् ह्या सगळ्यात राजेश्वरी? राजेश्वरी काय बोलली न्हाय. सैपाकघरात खताच्या दुकानाचं फुकटचं कॅलेंडर टांगलेलं हाय, त्याच्यापाशी जायची आन् लाल ठिपका टाकायची. पोट दुखलं की ठिपका. लई दुखलं की दोन ठिपकं. खाली बारीक अक्षरात काहीबाही लिव्हायची. मला वाटायचं दुधाचं लिव्हती.

खरं सांगू का? तवा आमी तिला बोललो बी. लपवून काय करू? प्रयागबाई म्हणायची, "आईलाच खाऊ घालाया येत न्हाय." मी तसं म्हणलं न्हाय, पण एकदा जेवताना म्हणलं, "तुमच्या माहेरची माणसंच अंगानं बारीक, त्येचंच आलं आसंल." आसं बोलावं का सासऱ्यानं? पण बोललो. तिनं माझ्या ताटात चपाती वाढली, वर तूप सोडलं, आन् गेली कॅलेंडरकडं. त्या दिवशी दोन ठिपकं होतं. मला आजून ती चपाती आठवती.

मंग आली मे महिन्याची सुट्टी. राजेश्वरी छकुलीला घेऊन माहेरी गेली, इंदापूरकडं, उजनीच्या पाण्याच्या कडंला हाय त्येंचं गाव. त्येंच्याकडं तिन्ही टायमाला भाकरी. तिच्या वडलांना चपाती आवडतच न्हाय, म्हणत्यात चपाती खाल्ली तर जेवल्यासारखंच वाटत न्हाय. ज्वारीची न्हायतर बाजरीची भाकरी, मासं, वांगं, ठेचा. महिन्यानं मी बारामतीच्या स्टँडवर दोघींना आणाया गेलो. इंदापूरची येष्टी लागली, आन् दारातनं एक पोरगी टुणकन खाली उडी मारून माझ्याकडं पळत आली. मी बाजूला सरकलो, म्हणलं कुणाचं तरी लेकरू हाय, धडकंल. आवो, आमची छकुली! गाल आलेलं. पळत होती. मी तिला सहा महिन्यात पळताना बघितली नव्हती. म्हणली, "आबा, मी दोन भाकऱ्या खाते." स्टँडवर शंभर माणसं आसतील, मी तितंच रुमाल डोळ्याला लावला.

घरी आल्यावर परत चर्चा. मी म्हणलं, "पाणी. उजनीच्या पाण्यात हाय काहीतरी." प्रयागबाई म्हणली, "पाणी कसलं, मामाचं लाड." इंद्रजित म्हणला हवापालट. मी तर दोन मोठं कॅन तिकडनं पाण्याचं आणायचं ठरवून टेम्पोवाल्याशी बोललो होतो. राजेश्वरी काय बोलली न्हाय. तिनं बॅग उघडली, साड्यांच्या खालनं एक घडी केलेला कागद काढला. माहेरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडून आणलं होतं. ते आमच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलं. आमचा एप्रिल गोवर आल्यासारखा लाल. तिचा मे कोरा. सबंद महिन्यात फक्त दोन ठिपकं. एकाच्या खाली लिव्हलेलं 'चुलतभावाचं लग्न, पुरी'. दुसऱ्याच्या खाली 'आमरस, कुरडई'. मी चष्मा लावून वाचलं. म्हणलं, आंब्यानं झालं आसंल. तर ती हळूच म्हणली, "आबा, आंबा ती महिनाभर खातच होती." बस्. येवढंच बोलली.

तवा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पुरी. कुरडई. चपाती. लापशी. गहू! आता गिरणीवाल्याला गहू कळायला दीड वरीस लागलं, ह्याच्यापरीस लाजिरवाणं काय आसतंय? मी उठलो, कणकेचा डबा उचलला, अंगणात नेऊन ठेवला, म्हणलं, "आजपासनं ह्या घरात गहू बंद! मी सांगतो, मानसिंग सांगतो!" आसं मोठ्यानं बोललो की साखरबाई भिंतीवरनं डोकावली. राजेश्वरीनं डबा उचलला, परत आत आणून जागेवर ठेवला. म्हणली, "आधी डॉक्टरांना विचारू."

बारामतीला लहान पोरांच्या डॉक्टर हायत, मेहजबीन मॅडम. राजेश्वरीनं त्येंच्यासमोर दोन्ही पानं ठेवली. मॅडमनी आधी पानं बघितली, मंग पोरगी तपासली, मंग परत पानं बघितली. आन् विचारलं, "गहू बंद केलात का?" राजेश्वरी म्हणली, "न्हाय." मॅडम म्हणाल्या, "शाबास." मला म्हणलं न्हाय हां शाबास, मी तर डबा अंगणात काढणारा. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, लोक इथंच चुकतात. मोबाईलवर काहीतरी वाचतात, गहू बंद करतात, आणि मग माझ्याकडे येतात. गहू पोटात नसेल तर रक्ताच्या तपासणीत काही दिसत नाही. मग खरंच तो आजार आहे का दुसरं काही, हे कळत नाही, आणि मुलाला आयुष्यभर नुसत्या अंदाजावर पथ्य करावं लागतं. ही महिनाभर भाकरीवर होती. आता दीड महिना रोज गहू खाऊ दे, मग रक्त घेऊ."

म्हणजे कळलं का तुमाला? ज्यानं दुखतंय आसा संशय हाय, तेच रोज चारायचं. जाणूनबुजून. आधी आमी चारत होतो ते अडाणीपणानं. आता डोळं उघडं ठेवून. मी म्हणलं, मला न्हाय जमणार. प्रयागबाई म्हणली, मी न्हाय वाढणार, आन् देवघरापुढं जाऊन बसली. इंद्रजित जेवायच्या टायमाला गोठ्यात जायचा. चारलं कुणी? आईनं. रोज दोन येळला ताज्या चपात्या लाटायची, एक छकुलीच्या ताटात ठेवायची, तुकडं करून द्यायची, हसत हसत, आन् मंग तोंड फिरवून चुलीकडं बघत बसायची पोरगी जेवून उठंपर्यंत. मी एकदा दारातनं बघितलं. तिची पाठ दिसत होती मला. पाठीकडं बघून माणूस रडतंय का न्हाय हे कळतंय बरं का. मी आत गेलो न्हाय. काय म्हणणार होतो आत जाऊन? दीड महिना. पोरीचं गाल आलं होतं तसं गेलं. आन् राजेश्वरी? रोज कॅलेंडरवर ठिपका. जून महिना तर निस्ता लाल.

तुमाला सांगतो, मी गिरणीत पन्नास-पन्नास किलोची पोती उचललीत, लोकं म्हणायची मानसिंगच्या अंगात रग हाय. रग म्हणजे काय ते मला त्या जूनमधी कळलं.

मंग रक्त घेतलं. तपासणीचा जो आकडा पंधराच्या आत पायजे त्यो दीडशेच्या वर. मंग पुण्याला नेलं, भूल देऊन तोंडातनं दुर्बीण घातली, आतड्याचा बारीक तुकडा काढला, तपासला. पक्कं झालं. सिलिॲक. मॅडमनी समजावलं, गव्हात एक चिकट पदार्थ आसतोय, आपण कणीक मळताना जी ओढ लागती ती त्येचीच, त्यो हिच्या आतड्याला सोसत न्हाय, आतडं सोलवटतंय, मंग खाल्लेलं अंगी लागत न्हाय. मी म्हणलं, "मॅडम, औषध काय?" म्हणाल्या, "औषध नाही." म्हणाल्या, "गहू खायचा नाही. सातूही नाही. आयुष्यभर. बाकी ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी सगळं चालेल. बघा, वर्षभरात उंची वाढेल." म्हणलं, येवढंच? म्हणाल्या, "येवढं नाही आजोबा. कणभरसुद्धा चालणार नाही." आन् माझ्या बंडीकडं बघितलं. बंडीवर सकाळचं पीठ होतं.

आता गावात बातमी पसरली, आन् गहू एकदम गुन्हेगार झाला. साखरबाईनं तिच्या नातवाचा गहू बंद केला, का तर त्येचं बी पोट दुखतंय. मेहजबीन मॅडमकडं नेला त्येला, तर निघालं जंत. एक गोळी दिली आन् दुसऱ्या दिवशी पोरगं चार चपात्या खाऊन शाळेत गेलं. मॅडमनी साखरबाईला सांगितलं, प्रत्येक पोट गव्हानं दुखत न्हाय, आधी तपासा मंग ठरवा. पण साखरबाई मला येऊन म्हणली, "मानसिंगराव, आमचं निस्तं जंत निघालं वो." जरा नाराजच वाटली.

घरात मंग साफसफाई. राजेश्वरी बारावी शास्त्राची, पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची. रवा गेला, शेवया गेल्या, बिस्किटं गेली. पोळपाट-लाटणं नवं. फकीरभाईनं लई मायेनं छकुलीसाठी ज्वारीची बिस्किटं भाजून आणली. राजेश्वरीनं चहा दिला, बिस्किटांचा वास घेतला, म्हणली, "चाचा, भट्टी तीच का?" फकीरभाई म्हणला, "भट्टी एकच है, बेटा." आन् पुडा परत खिशात घातला. जाताना मला म्हणला, "मानसिंगराव, तुमची सून वकील पायजे होती." आन् एका दिवशी काय, हिंगाची डबी घेऊन राजेश्वरी माझ्यापुढं उभी. वाचा म्हणली. वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ! आता हिंगात बी गहू आसतोय हे मला पासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमटीला फोडणी बसायची रोज त्या हिंगाची.

पोरगी सुधारली. ठिपकं कमी झालं. पण गेलं न्हायत. आठवड्यातनं एक, कधी दोन. भाकरी घरची, भाजी घरची, शाळेला डबा घरचा, मंग येतंय कुठनं? प्रयागबाई म्हणली, शाळेत पोरं चारत आसतील. मी म्हणलं, मॅडमचं चुकलं आसंल. राजेश्वरी कॅलेंडरपुढं उभी ऱ्हायची. तीन महिन्याची पानं शेजारी शेजारी लावली होती. आन् तिच्या ध्यानात आलं की ठिपकं एकाच वाराच्या ओळीत पडत्यात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. दर आठवड्याला, बाजार झाला की दुसऱ्या दिवशी ठिपका.

आता हितं मला माझ्या धंद्याचं सांगावं लागंल. गिरणीत बायका दळण घेऊन येत्यात, आन् डबा ठेवायच्या आधी प्रत्येक बाई एकच विचारती, "आबा, कशावर दळताय?" म्हणजे आधी दगडावर काय होतं? कारण गव्हावर ज्वारी टाकली तर पयल्या दोन मुठी गहू मिसळलेला येतो. माझा बाप गिरणी चालवायचा तवापासनं आमची शिस्त. गिऱ्हाइकाचं पीठ शुद्ध गेलं पायजे. मंग गव्हानंतर ज्वारी घ्यायची आसली तर आमी मधी काय करतो? सांगतो, तेच सांगतोय.

बाजाराचा दिवस होता. दारात ही रांग. बाजाराला जाताना डबा ठेवायचा, येताना न्यायचा, आशी रीत. मी पिठानं पांढरा झालेला. मान वर करून बघतो तर रांगेत राजेश्वरी. कडंवर डबा, डोक्यावर पदर, गिऱ्हाइकासारखी उभी. म्हणलं, हिला काय झालं, घरचं दळण मी आणतोच की. नंबर आला. तिनं डबा ठेवला. आन् साध्या आवाजात, सगळ्या बायका विचारत्यात तसंच विचारलं, "आबा, आपल्या घरचं कशावर दळता?"

मला बरं वाटलं. चार बायकांपुढं आपली शिस्त सांगायची संधी सुनेनंच दिली. मी छाती पुढं काढली, म्हणलं, "ऐका गं समद्या. ह्या गिरणीत कुणाच्या ज्वारीत गव्हाचा कण जात न्हाय. का जात न्हाय? कारण गहू झाला की आधी मी माझ्या घरची ज्वारी टाकतो. दगडाला, नळीला जेवढा गहू चिकटलेला आसतो तेवढा सगळा माझ्या घरच्या पिठात उतरतो. दगड साफ. मंग तुमची ज्वारी. बाजाराच्या दिवशी तर धा-धा वेळा. सगळी मिसळ माझ्या घरी जाती, तुमच्या घरी शुद्ध…"

आन् थांबलो.

पट्टा फिरत होता. दगड फिरत होता. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, काय झालं आबांना म्हणून. कुणाला काय कळलं न्हाय. मला कळलं. सबंद सांगवीत सगळ्यात जास्ती गहू मिसळलेली भाकरी कुणाच्या ताटात होती? माझ्या नातीच्या. आन् ती मिसळत कोण होतं? मी. इमानदारीनं! राजेश्वरी काय बोलली न्हाय. तिच्या जागी दुसरी कुणी आसती तर गिरणी डोक्यावर घेतली आसती, आन् घ्यायलाच पायजे होती. तिनं निस्ता डबा परत कडंवर घेतला, पदर सारखा केला, आन् म्हणली, "आबा, पाणी प्या थोडं." मी बटण दाबलं. गिरणी बंद. बायका वरडायला लागल्या, आवो आमचं अर्धं दळण आत हाय! ऱ्हाऊ दे म्हणलं. मी तितंच पोत्यावर बसलो.

मंग मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटती, पण आता सगळंच सांगितलं तर हे बी सांगतो. घरघंटी आणली. व्हय. तीच, कपाटासारखी दिसती, घरच्या घरी दळायची. जी आली तवापासनं मी पारावर बसून तिला शिव्या घालतोय, पीठ गरम करती, भाकरी मोडती, मोटर जळती, न्हाय न्हाय ते सांगितलंय लोकांना. ती मी बारामतीतनं आणली, टेम्पोत ताडपत्री टाकून, गावात कुणाला दिसू नये म्हणून पार मागच्या रस्त्यानं. तर दारात उतरवताना वर भिंतीवर कोण? साखरबाई. दुसऱ्या दिवशी पारावर सगळे उठून उभं ऱ्हायलं. "या, घरघंटीवालं!" ऐकून घेतलं. त्या घरघंटीत आजपातुर गव्हाचा दाणा गेला न्हाय. आन् खोटं कशाला बोलू, भाकरी चांगली होती वो तिच्या पिठाची.

बाजाराच्या ओळीतलं ठिपकं गेलं. तरी महिन्यातनं एखादा पडायचाच. कुठंही, ओळ न्हाय, वार न्हाय. मी म्हणलं आता काय ऱ्हायलं? तिनं एका सकाळी मागच्या न्हाणीत बादली, साबण आन् धुतलेला लेंगा ठेवला होता, तवापासनं मागच्या दारानं येत होतो, आंघोळ करत होतो, कापडं बदलत होतो. एका दिवशी छकुली माझ्या मांडीवर बसून गालाला गाल लावून बोलत होती, आन् राजेश्वरी समोर शेंगा फोडत बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं. मंग माझ्या मिशीकडं बघितलं. लई येळ बघितलं. परत शेंगा फोडायला लागली. आता ही मिशी मी विसाव्या वर्षापासनं राखलेली, लग्नाच्या फोटोत माझ्याआधी मिशी दिसती. आन् पीठ तर तिच्यात सकाळपासनं बसायचं, कितीबी धुवा. मी उठलो, पायताण घातलं, तडक न्हाव्याकडं. प्रयागबाईनं दारात मला ओळखलं न्हाय, म्हणली, "कोण पायजे?" तिला बी मिशीशिवाय नवरा म्हायती नव्हता. तर आसं हाय ते मिशीचं.

गेल्या पाडव्याला परत चौकटीला उभी केली. पेन्सिल माझ्या हातात. रेघ मारली. आन् जुन्या रेघेच्या वर, बघा, येवढं… चार बोटं. पुरती चार बोटं. प्रयागबाई रडली, इंद्रजित गोठ्यात गेला. पुरणपोळीचं ताट होतं, पोळी तांदळाच्या पिठाची, जरा फाटती पण गोड लागती. मी राजेश्वरीला सगळ्यांपुढं म्हणलं, "पोरी, मी तुझ्या माहेरच्या माणसांना बारीक म्हणलो होतो. चुकलं माझं. आन् येवढ्या मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पण वळखलं तू." ती काय बोलली का? न्हाय. पोळी वाढली, वर तूप सोडलं. पण त्या दिवशी कॅलेंडरवर तिनं पयल्यांदा हिरवा ठिपका टाकला. मी बघितला.

म्हणून म्हणतो, आंघोळीचं काय घेऊन बसलाय. कराव्यात तीन. पण तुमाला म्हणून सांगतो, आपलं कुणाला सांगू नका, कवातरी जीव दमतोय. कालचंच घ्या. बाजाराचा दिवस, पाठ मोडलेली, म्हणलं आज पुढच्याच दारानं जातो, दोन मिंटं ओट्यावर बसतो, कोण बघतंय. राजेश्वरी शेतात होती. पायरीवर पाय ठेवला, तर दारात छकुली. दोन्ही हात कमरंवर. चार बोटं वाढलेली. म्हणली, "आबा, कशावर दळलं?"

खोटं बोलता येईना. म्हणलं, "गव्हावर, बाय."

ती काय बोलली न्हाय. वळली, सैपाकघरात गेली, आन् मला आतनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला… कॅलेंडरपाशी.

मी गप मागच्या दाराला वळलो. चला, पाणी निवतंय माझं.